पाठीआडचा माणूस

सॅक्रामेंटोला मामाच्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर मी खडूने तीन फुल्या काढल्या. पहिली सेंटरची. तिच्यामागे चार यार्डांवर, म्हणजे माझ्या चार लांब ढांगांवर, क्वार्टरबॅकची. तिच्याही मागे आणखी तीन यार्डांवर, अगदी त्याच ओळीत, रनिंग बॅकची. मामा दारात उभा राहून बघत होता. तो १९८३ साली ठाण्याहून कॅलिफोर्नियात आला आणि पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्याने त्याला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या फॉर्टीनाइनर्सचा सामना बघायला बसवलं. बिल वॉल्श तेव्हा प्रशिक्षक होते आणि जो मॉन्टाना क्वार्टरबॅक. फुटबॉल कसा असावा हे मामाच्या मनात तेव्हा ठरलं ते ठरलंच. मी २००८ ते २०१० डोंगरापलीकडे, रीनोला, नेवाडा विद्यापीठात भूजलाचा अभ्यास करत होते. माझा फुटबॉल तिथला. त्यामुळे पिस्तुलाचा विषय निघाला की आमच्याकडे ताटातलं जेवण निवतं.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि फेकतो, किंवा रनिंग बॅकच्या पोटाशी देतो, किंवा स्वतः पळतो. जुन्या रीतीत क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून उभा राहतो आणि चेंडू हातोहात मिळतो. शॉटगनमध्ये तो पाच ते सात यार्ड मागे असतो आणि रनिंग बॅक त्याच्या शेजारी. पिस्तुलात क्वार्टरबॅक चार यार्डांवर आणि रनिंग बॅक त्याच्या पाठीमागे. शॉटगनपेक्षा आखूड म्हणून नाव पिस्तूल.

मामा : दोन माणसं दोन पावलं इकडची तिकडे केली. एवढ्याला शोध म्हणायचं? अगं, सामना जिंकतात ते पुढे वाकून उभे असलेले पाच जण. त्यांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नसतात.

मी : त्या पाच जणांबद्दल माझं तुझं एकमत आहे. पण ही दोन पावलं कुठली ते तरी बघ. शॉटगनमध्ये रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या उजव्या हाताला उभा असला, तर चेंडू घेऊन तो बहुधा डावीकडे जाणार हे बचावाला स्नॅपच्या आधीच कळतं. शिवाय तो आडवा येऊन चेंडू घेतो, मग वळतो, मग पुढे निघतो. पाठीमागे उभा असलेला माणूस सात यार्डांवरून नाकासमोर धावत येतो. पुढच्या पाच जणांच्या ओळीशी, म्हणजे लाइनीशी, पोचतो तेव्हा तो भर वेगात असतो आणि दोन्ही बाजू त्याला सारख्याच मोकळ्या असतात.

मामा : ते तर क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून असला तरी होतंच की. मॉन्टानाला कुणी चार यार्ड मागे उभं नव्हतं केलं.

मी : होतं, पण त्याची किंमत होती. हातोहात चेंडू घेतला की क्वार्टरबॅकला पाठ फिरवून मागच्याला तो द्यायला जावं लागतं. तेवढा वेळ मैदान त्याच्या डोळ्यांआड. पास टाकायचा तर पाच-सात पावलं मागे हटायचं, आणि तो हटतोय हे अख्ख्या स्टेडियमला दिसतं. शॉटगनमध्ये नजर मोकळी, पण पळण्यातला जोर गेला. पिस्तूल काढणाऱ्या ऑल्टना दोन्ही हवं होतं.

ख्रिस ऑल्ट हे नाव मी रीनोत बसस्टॉपवर, लायब्ररीत, केस कापायला गेल्यावर, सगळीकडे ऐकलं. ते स्वतः साठच्या दशकात नेवाडाचे क्वार्टरबॅक होते. १९७६ मध्ये तिथेच प्रशिक्षक झाले. मधे दोनदा पद सोडलं, २००४ मध्ये पुन्हा आले आणि त्या हंगामात संघ पाच जिंकून सात हरला. तोवर २००२ मध्ये त्यांचं नाव कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये लागलेलं होतं. म्हणजे ज्या वयात आणि ज्या मानात माणूस आपलं जुनं तेच बरं म्हणून बसतो, तिथे त्यांनी सगळी मांडणी मोडून नवी केली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. २००५ मध्ये नेवाडा नऊ जिंकून तीन हरली, आपल्या गटाचं विजेतेपद बॉयझी स्टेटबरोबर वाटून घेतलं आणि हवाई बोलमध्ये सेंट्रल फ्लोरिडाला जादा वेळेत ४९-४८ असं हरवलं.

मामा : आणि तुझा असा समज आहे की हे सगळं चार यार्डांमुळे झालं.

मी : तुझ्याच संघाचं उदाहरण देते. शॉटगन एनएफएलमध्ये कुणी आणली? १९६० साली फॉर्टीनाइनर्सच्या रेड हिकी यांनी, बॉल्टिमोरविरुद्ध. तेव्हाही लोक असंच म्हणाले असतील.

मामा : अर्धीच गोष्ट सांगतेस. १९६१ मध्ये शिकागो बेअर्सनी त्याच शॉटगनची ३१-० अशी धूळधाण केली आणि हिकींनी ती बासनात गुंडाळली. उभं राहण्याची नवी तऱ्हा समोरच्याने ती बघेपर्यंत टिकते.

मी : आणि १९७५ मध्ये टॉम लँड्रींनी डॅलसमध्ये ती बासनातून काढली. आज शॉटगन नसलेला संघ दाखव.

मामा त्यावर काही बोलला नाही, पण पटलं म्हणून गप्प बसणारा तो नव्हे. म्हणून मी त्याला खाली बोलावलं. मामीला रनिंग बॅकच्या फुलीवर उभं केलं, मी क्वार्टरबॅकच्या. मामाकडे एक जुना, शिवण उसवलेला चेंडू आहे, तो हातात घेतला. सेंटर कुणी नव्हता, तेव्हा स्नॅप मनातल्या मनात. मामाला लाइनीच्या टोकाला, डिफेन्सिव्ह एंडच्या जागी उभं केलं आणि सांगितलं, तुला कुणीही अडवणार नाही. तू फक्त चेंडूवाल्याला शिवायचं.

पहिल्या खेपेला मी चेंडू मामीच्या पोटाशी नेला आणि तिथेच सोडला. मामा आत घुसला आणि त्याने मामीला दोन ढांगांत शिवलं. तो खूश. दुसऱ्या खेपेला चेंडू तसाच मामीच्या पोटाशी नेला, तो तिच्या कोपरांमध्ये असताना माझी नजर मामाच्या खांद्यांवर होती. खांदे आत वळले. मी चेंडू ओढून घेतला आणि त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेतून चालत गेले, पळावंसुद्धा लागलं नाही. तिसऱ्या खेपेला मामा शहाणा झाला आणि जागेवर थांबला. मी चेंडू मामीला दिला आणि ती आतून निघून गेली.

मामा : पुन्हा कर.

चौथ्या वेळी मी त्याच्या पायांकडे बघत होते. उजवा पाय आत निघाला, मधेच थबकला, पुन्हा बाहेर टेकला. तेवढ्यात सगळं आटपलं होतं.

याला वाचणं म्हणतात. चढाई करणारा संघ एका बचावपटूला मुद्दाम अडवत नाही. क्वार्टरबॅक त्याला वाचतो आणि तो जे करेल त्याच्या उलट करतो. चेंडू पोटाशी असण्याचा तो क्षण अर्ध्या-पाऊण सेकंदाचा असतो आणि त्या क्षणी तो नेमका कुणाचा आहे हे ठरलेलं नसतं. ही कल्पना ऑल्टची नव्हे. साठच्या दशकात ह्यूस्टनला बिल योमन असा एक माणूस मोकळा सोडत होते, आणि नव्वदीच्या सुरुवातीला रिच रॉड्रिगेझ यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिलच्या छोट्या कॉलेजात शॉटगनमधून तेच केलं. कॉलिन कॅपर्निकसारखा पळणारा क्वार्टरबॅक हाताशी आल्यावर नेवाडाने ते पिस्तुलात मिसळलं, आणि तिथे त्याला धार आली. कारण लाइनीमागे उभ्या लाइनबॅकरला रनिंग बॅक नीट दिसतच नाही, तो क्वार्टरबॅकच्या पाठीआड असतो. त्याची पहिली हालचाल पकडून मागे धावायचं हे लाइनबॅकर वर्षानुवर्षं शिकलेला असतो. इथे ती हालचाल त्याला उशिरा दिसते.

मामा : समजा तुझं खरं. पण माझे पाच जण कुठे गेले?

मी : तेच तर सांगते. एरवी पळण्याच्या खेळीत क्वार्टरबॅक चेंडू देऊन बाजूला होतो. त्यांचे अकरा, आपले दहा. चेंडूवाला सोडला तर अडवणारे नऊच. हा एंड नुसत्या नजरेने अडकवला की तुझ्या पाच जणांतला एक मोकळा होतो आणि पुढे जाऊन लाइनबॅकरला धरतो. पिस्तूल तुझ्या पाच जणांच्याच कामाचं आहे. २००९ मध्ये नेवाडाने दर सामन्याला ३४४ यार्डांहून जास्त पळून काढले, देशात सगळ्यात जास्त. एकाच संघातल्या तिघांनी, कॅपर्निक, वाइ टाउआ आणि लूक लिपिनकॉट यांनी, एका हंगामात प्रत्येकी हजाराच्या वर यार्ड पळून काढले. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत असं तोवर कधीच झालं नव्हतं.

मामा : मग पुढच्याच वर्षी यूसीएलए विद्यापीठाने रीनोला माणसं पाठवून हेच पिस्तूल शिकून घेतलं, तेव्हा काय झालं? चार जिंकले, आठ हरले. फुल्या त्याच, अंतर तेच.

इथे मामाचं बरोबर होतं आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केलं. फुल्या उतरवून घेता येतात, सवयी नाही. स्नॅपचंच बघा. चार यार्डांवर चेंडू छातीशी आला पाहिजे, दर वेळी, न बघता. तो गुडघ्याशी आला तर क्वार्टरबॅकची नजर खाली जाते, आणि नजर खाली गेली की एंड वाचायचा राहून जातो. सेंटरला मान वर ठेवून, समोर दीडशे किलोचा माणूस अंगावर यायला टपलेला असताना, हे साठ-सत्तर वेळा करायचं असतं. मी रीनोत विद्यापीठाच्या मैदानाशेजारून जात असे तेव्हा सेंटर एकेकटे हेच करताना दिसत. चेंडू मागे, चेंडू मागे, चेंडू मागे. मामा पाच जण म्हणतो त्यातला मधला तो.

२६ नोव्हेंबर २०१० ची रात्र मी मकाय स्टेडियममध्ये होते. थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, हाडं गोठवणारी थंडी, हातमोज्यांवर हातमोजे. बॉयझी स्टेट सलग चोवीस सामने जिंकून आली होती आणि मध्यंतराला २४-७ अशी पुढे होती. उत्तरार्धात नेवाडाने नवं काहीच काढलं नाही. तेच पिस्तूल, तेच वाचणं. बॉयझीचे एंड पूर्वार्धात ज्या वेगाने आत येत होते तो वेग हळूहळू कमी झालेला वरच्या बाकांवरूनसुद्धा दिसत होता. दमले होतेच, पण प्रत्येक वेळी अर्धं पाऊल थांबायची सवय लागली होती. २४-२४ झालं, मग बॉयझी पुन्हा पुढे गेली, आणि तेरा सेकंद उरले असताना कॅपर्निकच्या पासवर ३१-३१.

मामा : आणि मग त्यांच्या किकरने शेवटच्या सेकंदाला सव्वीस यार्डांची किक बाहेर मारली. जादा वेळेत आणखी एक. तुमचं पिस्तूल त्या दोन किकांवर जिंकलं.

मी : २४-७ वरून बरोबरी किकरने नाही केली, मामा. ३४-३१ चा शेवट नशिबाचा होता हे मी नाकारत नाही. पण नशीब दारात यावं इथवर ओढून आणलं ते कुणी? त्या वर्षी नेवाडा तेरा जिंकून एकच हरली.

यापुढे आमचं भांडण वेगळ्याच वळणावर जातं, कारण २०११ मध्ये फॉर्टीनाइनर्सनी कॅपर्निकला घेतलं. रीनोचा मुलगा मामाच्या संघात. खरं तर तो मामाच्याच बाजूचा, सॅक्रामेंटोच्या दक्षिणेला टर्लॉकमध्ये वाढलेला, आणि फुटबॉलची वरच्या श्रेणीची शिष्यवृत्ती त्याला एकट्या नेवाडाने देऊ केली होती. १२ जानेवारी २०१३ ला ग्रीन बेविरुद्धच्या सामन्यात तो १८१ यार्ड पळाला. कुठल्याही क्वार्टरबॅकने एका सामन्यात इतकं अंतर तोवर कापलं नव्हतं. २४-२४ असताना त्याने चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेला, बाहेरचा बचावपटू आत झेपावला, आणि पुढचे ५६ यार्ड त्याला कुणी शिवलंसुद्धा नाही. मी फोनवर होते. मामा इतक्या जोरात ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला.

मामा : ओरडलो, कबूल. माझा संघ होता. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात काय झालं तेही मला विसरता येत नाही.

आदल्या आठवड्यात, ६ जानेवारीला, वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन याचा गुडघा गेला. पहिल्याच वर्षाचा, विशीतला मुलगा. त्या हंगामात प्रशिक्षक माइक शनाहान यांनी पिस्तूल वापरून वॉशिंग्टनला पळण्यात साऱ्या लीगमध्ये पहिलं नेलं होतं. ग्रिफिन पुढे पुन्हा पहिल्यासारखा कधी खेळला नाही.

मी : पण दुखापती नीट बघ. डिसेंबरमधली पहिली, पास टाकायला मागे गेलेला असताना जीव वाचवून पळताना झाली. शेवटची, खाली घसरत आलेला स्नॅप उचलायला वाकताना. वाचून पळण्याच्या खेळीत दोन्ही नाहीत.

मामा : स्नॅप उचलायला वाकताना! सेंटरच्या हातून थेट हातात येणारा चेंडू असा घरंगळत येतो का? आणि तू मला मघाशी तिथे उभं केलंस ना, दुसऱ्या खेपेनंतर माझ्या मनात काय आलं सांगू? चेंडू कुणाकडे आहे ते बघायचंच नाही. दर वेळी तुलाच धरायचं. चेंडू असो नसो.

आणि एनएफएलच्या बचावांनी नेमकं तेच केलं. क्वार्टरबॅक पळायचा आव आणत असेल तोवर तो पळणाराच, पास टाकणाऱ्याला मिळणारं संरक्षण त्याला नाही, हे लीगने २०१३ च्या हंगामाआधी स्पष्ट केलं होतं. दुसरं उत्तर याहून हुशारीचं. एंड मुद्दाम आत घुसतो, क्वार्टरबॅक त्याला वाचून बाहेर पळतो, आणि बाहेर लाइनबॅकर आधीच येऊन थांबलेला असतो. वाचणाऱ्याला खोटं पान वाचायला दिलेलं. मला हे उत्तर सुंदर वाटतं, माझ्या बाजूच्या विरोधात असलं तरी.

मामाच्या म्हणण्यातलं दुखणं मला कळतं. कॉलेजचा प्रशिक्षक चार वर्षांसाठी मुलगा घेतो; त्याच्या गुडघ्यांचा हिशेब पुढे कुणीतरी दुसरा करतो. पण त्याच वॉशिंग्टनमध्ये आल्फ्रेड मॉरिस हा सहाव्या फेरीत निवडलेला रनिंग बॅक पहिल्याच वर्षी १,६१३ यार्ड पळाला, कारण बचावातला एक माणूस सतत ग्रिफिनकडे बघत थांबलेला असायचा. क्वार्टरबॅक पळेल ही धास्ती पुरते, दर वेळी पळायची गरज नसते. २०१९ मध्ये बॉल्टिमोरने हेच केलं. त्यांची चढाई आखणारे ग्रेग रोमन हेच २०१२ ला फॉर्टीनाइनर्सची चढाई आखत होते. क्वार्टरबॅक लामार जॅक्सन आणि त्याच्या पाठीआड रनिंग बॅक, हे तिथलं रोजचं चित्र. संघाने त्या हंगामात ३,२९६ यार्ड पळून काढले, लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त. जॅक्सन स्वतः १,२०६, हाही क्वार्टरबॅकांचा तोवरचा उच्चांक.

मामा : आणि टेनेसीने सुरुवातीलाच १४-० केलं तेव्हा? एकेक यार्ड हवा असताना दोनदा अडवलं. मग जॅक्सनला एकोणसाठ पास टाकावे लागले. २८-१२. मागे पडलेल्या संघाला पळत बसायला वेळ नसतो.

मी : नसतो. मान्य.

तोवर ऊन कलायला लागलं होतं. मामी आत जाऊन चहा टाकून परत आली होती. मला वाटलं विषय मिटला. मामा मात्र खाली वाकून माझ्या फुल्यांकडे बघत होता. मग तो तिसऱ्या फुलीवर जाऊन उभा राहिला, माझ्या पाठीमागे, आणि मामीला म्हणाला, तू एंड हो.

मी : आता तू पळणार?

मामा : इथून मला चेंडू दिसत नाही. तुझी पाठच दिसते नुसती.

मी : त्यालाही नाही दिसत. चेंडू पोटाशी येणार एवढंच ठाऊक असतं. राहणार की काढून घेणार ते ठाऊक नसतं. दोन्ही वेळा सारखंच पळायचं. चेंडू नसला तरी आत शिरून मार खायचा.

मामाने कोपर उघडलं, एक हात छातीशी, एक पोटाशी, मी मघाशी मामीला दाखवलं होतं अगदी तसं. मी मनातल्या मनात स्नॅप घेतला. एकोणसत्तर वर्षांचा माझा मामा सात यार्डांवरून सरळ माझ्यावर चालून आला. मी चेंडू त्याच्या पोटाशी नेला आणि मामीच्या खांद्यांकडे बघितलं. ती आत वळली. मी चेंडू काढून घेतला.

मामा तसाच, पोट दोन्ही हातांनी घट्ट धरून, गॅरेजच्या दारापर्यंत पळत गेला, आणि मामी त्याच्या मागे.